आधी दोन घास

घरापासून दूर गेल्याशिवाय माणसाला घराची किंमत कळत नाही, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. लिफ्ट तपासनीस घर सोडून आला त्याला आता काही दिवस झाले होते, आणि त्याला कळलेली गोष्ट एवढीच, की सकाळचा चहा गरम असतानाही पिता येतो.

काम कालच संपलं होतं. आजचा दिवस त्याने स्वतःसाठी राखला होता. गोऱ्या साहेबांनी समुद्राकाठी वसवलेलं हे जुनं गाव पायी बघायचं आणि फोनचा आवाज बंद ठेवायचा. घड्याळाचा मनोरा झाला, तोफा झाल्या. दुपारी तो गव्हर्नरच्या बंगल्यातल्या जेवणाच्या दालनात उभा होता. लांबलचक टेबलावर चिनी मातीच्या बशा, बशांत प्लास्टरची फळं.

"हात लावू नका," गाइडबाई म्हणाल्या. "साहेब इथेच जेवायचे. फाशीच्या हुकमावर सही करायची असली, तरी जेवण उरकून मगच."

सगळे हसले. तपासनिसाने फोटो काढायला फोन बाहेर काढला. बायकोचे फोन येऊन गेले होते, मुलीचे येऊन गेले होते. आणि वाढदिवसालाही फोन न करणाऱ्या दादाचा एक मेसेज होता. "जेवलास का?"

फोटो काढायचा राहूनच गेला.

इतर घरांत हा प्रश्न मायेने विचारतात. त्याच्या घरात कुणी गेलं की विचारतात. वाईट बातमी उपाशीपोटी द्यायची नाही, हा वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, दंडक. आजी गेली तेव्हा आत्याने त्याला दारातूनच पानावर नेऊन बसवलं होतं आणि पान रिकामं होईना इतकं वाढलं होतं. लांबच्या मामांच्या वेळी चहा-बिस्किटांवर भागलं होतं.

घरी कुणालाही परत फोन लावावा, तर पहिला प्रश्न तोच येणार. नाही म्हटलं तर "आधी जेव, मग बोलू." हो म्हटलं तर "काय जेवलास?" आणि त्याची थाप घरच्यांना फोनवरूनही दिसते. शिवाय, खरं सांगायचं तर, तो जेवत नाही तोवर आप्पा जिवंत होते. निदान त्याच्यापुरते.

"इथे जेवायला कुठे मिळेल?" त्याने गाइडबाईंना विचारलं.

"आत्ता? दुपारी सगळं गाव बंद. साहेब लोक झोपायचे ना. साहेब गेले, झोप राहिली."

मग तपासनिसाने ते ऐतिहासिक गाव खऱ्या अर्थाने पालथं घातलं. जकातघराच्या कमानी पाहिल्या. खाली हॉटेल नव्हतं. चर्चला वळसा घातला. मागे नुसतं कुलूप. सेनापतीच्या पुतळ्याच्या सावलीत एक माळी डब्याचं झाकण लावत होता. तपासनिसाने त्या डब्याकडे असं काही पाहिलं, की माळ्याने तो उचलून मांडीखाली घेतला.

चालता चालता मनात एकेक जण उभा राहत होता. आप्पा, छातीत यंत्र बसवलेले. आत्या, दम्याची. सासूबाई. सासूबाईंपाशी मन जरा जास्तच रेंगाळलं, तशी त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मुलीचा तर फोन आलाय, म्हणजे ती आहे, असं तो स्वतःला बजावत होता. पण फोन काय, कुणीही उचलून लावतं. इथे तो चालायचा थांबला आणि पळायला लागला.

मागच्या गल्लीत एका बेकरीचं शटर अर्धं उघडं होतं. आत एक म्हातारी भट्टी पुसत होती.

"बंद आहे."

"मावशी, काहीही द्या. मला घरी फोन करायचाय."

"फोन करायला खायला कशाला लागतं?"

"आमच्याकडे लागतं."

म्हातारीने त्याला नीट न्याहाळलं, कालचा पाव काढला, आणि स्वतःसाठी उकडलेली अंडी त्याच्यापुढे सरकवली. "बसून खा. घशात अडकून मेलास तर माझ्या डोक्याला ताप."

पाव लाकडासारखा होता. निम्मा झाला असेल-नसेल तोच फोन थरथरला. दादा. तपासनिसाने फोनला हाताने 'थांब' अशी खूण केली, घास चावला, गिळला, वर पाणी प्यायला आणि मग उचलला.

"जेवलास?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

"पाव. अंडी."

"एवढ्या लांब जाऊन पाव?"

"दादा, कोण गेलं ते सांग."

"कुठे गेलं?"

"आप्पा?"

"आप्पा पेपर वाचतायत. अरे, तुझ्या त्या गावात पर्यटकांची बोट उलटली, टीव्हीवर दाखवलं. आणि तू फोन उचलेनास. आम्ही म्हटलं, संपलं!"

"मग जेवलास का, असं कशाला विचारलंस?"

"मग काय विचारू? बुडालास का?"

तपासनिसाने उरलेला पाव बाजूला सारला. "आणि नंतर इतका वेळ कुणाचा फोन नाही तो?"

"तिथल्या पोलीस ठाण्यात लावणारच होतो. पण आप्पा म्हणाले, काय ऐकायला लागेल सांगता येत नाही, आधी सगळे जेवून घ्या."

"मग?"

"मग काय, जेवलो. नंतर लावला तर पोलीस म्हणतो, बोट काठालाच कलंडली, पाणी गुडघाभर. सगळे चालत बाहेर आले."

तपासनिसाने डोळे पुसले. म्हातारीने भट्टीकडे तोंड फिरवलं.

"तिला दे जरा," तो म्हणाला.

"तुझी बायको झोपलीय," दादा म्हणाला. "जेवण जरा जास्त झालं तिला."