कंपनी देईल ते

जिन्याच्या वळणावरच्या कॉफी मशीनपाशी योम ग्युसॉकला तो मुलगा दिसला, आणि पाहताक्षणीच कळलं की आज मुलाखतीला येणारा हाच. काळा सूट नवाकोरा, बाह्या थोड्या लांब. वेळ व्हायला अजून अर्धा तास होता. मुलगा भिंतीकडे तोंड करून चांदीच्या कागदातलं किंबाप, भाताच्या वळकटीचे तुकडे, खात होता, कुणी बघेल म्हणून घाईघाईनं.

सकाळीच मालकांनी योमला केबिनमध्ये बोलावलं होतं. "हा शेवटचा. वर्षाला साडेतीन कोटी वॉन, त्यावर एक दमडी नाही. आधीचे दोघे पाच-पाच कोटी मागून बसले, त्यांना वाटेला लावलं. हाही तसलाच निघाला तर राहू दे नवं माणूस. तुम्हीच ओढा आणखी दोन वर्षं. आणि हा जमला, तर महिनाभर त्याला शिकवा आणि आराम करा." आराम हा शब्द मालक फार प्रेमानं उच्चारत.

योम चोपन्न वर्षांचा. अणुभट्टीच्या नळ्या भूकंपात टिकतील की फुटतील, याचं गणित करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. या वयात त्याला दुसरीकडे दारात कोण उभं करणार? आपल्या चांगवॉन शहरातला इंजिनियर शेवटी तळलेल्या कोंबडीचं दुकान टाकतो, असं ऑफिसात सगळे हसून म्हणत. गेल्या आठवड्यात योमच्या बायकोनं खरंच एक गाळा बघून ठेवला, तेव्हापासून त्याला त्याचं हसू येईनासं झालं. मुलीचं कॉलेज संपायला अजून दोन वर्षं होती.

"कुठून आलास?" त्यानं विचारलं.

मुलगा दचकून वळला आणि घास तोंडात तसाच ठेवून कमरेत वाकला. "उलजिनहून, सर. पहाटेच्या बसनं."

त्यानं कॉलेजचं नाव सांगितलं तेव्हा योम न राहवून म्हणाला, "अरे, मीही तिथलाच. तुझ्याच खात्यातला."

"म्हणजे तुम्ही आमचे सिनियर!" मुलाचा चेहरा एकदम उजळला. तो आणखी एकदा वाकला. "मी मिन हानसोल. हे आईनं केलंय, सर. एक तरी घ्याच."

योमनं एक तुकडा उचलला. तिळाच्या तेलाचा छान वास येत होता.

"सर, तुम्ही घरचेच म्हणून विचारतो." मुलानं आवाज खाली आणला. "पगाराची अपेक्षा किती सांगू? फॉर्मवर सगळे लिहितात तेच लिहिलंय, कंपनीच्या नियमाप्रमाणे. पण इथले मालक म्हणे आकडाच विचारतात. मित्र म्हणतो, साडेतीन कोटी सांग. जास्त होईल का हो?"

नुसतं 'बरोबर आहे' म्हणायचं होतं. योम घास चावत राहिला.

"साडेतीन?" तो म्हणाला. "वेडा की काय! इतकं स्वस्त मागितलंस तर मालक म्हणतील, पोराला काही येत नाही. पाच सांग. अन् ताठ मानेनं सांग. ते नियमाप्रमाणे वगैरे तर तोंडातूनसुद्धा काढू नकोस."

"पाच कोटी!" मुलगा हसायला लागला. "आईनं ऐकलं तर चक्कर येऊन पडेल."

"आईला घेऊन आत जाणारेस का?"

दोघेही हसले. मुलानं त्याला जाताना पुन्हा वाकून नमस्कार केला. योम आपल्या जागेवर येऊन बसला, बूट काढून त्यानं टेबलाखालच्या सपाता पायांत सरकवल्या आणि समोरच्या गणिताकडे बघत राहिला. मुलाला दिला तसला हीन सल्ला त्यानं आयुष्यात कुणाला दिला नव्हता. पण तो लागू पडला पाहिजे, असंही त्याला मनापासून वाटत होतं.

केबिनमधून मालकांच्या मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. पाच कोटी मागणाऱ्यासमोर मालक हसत नसत.

थोड्या वेळानं ते मुलाच्या खांद्यावर हात टाकूनच बाहेर आले. "योमसाहेब, सापडला बघा! किती हवेत विचारलं, तर म्हणतो, कंपनी देईल ते. मी म्हटलं तीन कोटी, तर पठ्ठ्या वाकला तो वर उठेचना." फोन वाजला तसे ते बोलत बोलत निघून गेले.

मुलगा योमसमोर मान खाली घालून उभा राहिला. डोळे ओलावले होते.

"रागावू नका, सर. तुम्ही माझ्या भल्याचं सांगितलंत. पाच म्हणायचं असं घोकत आत गेलो, पण मोठ्या माणसांसमोर तोंडच उघडेना. तुमचा शब्द मी पाळला नाही."

साडेतीनला 'बरोबर आहे' म्हटलं असतं तर त्यानं साडेतीनच सांगितले असते, आणि मालकांनी ते दिलेही असते. योमला आपली नोकरी गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं. ते नंतर होणारच होतं. आत्ता त्याला त्या मुलाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"आईला फोन केलास?" त्यानं कसंबसं विचारलं.

"करतो, सर. आधी तुमची माफी मागायची होती." मुलानं डोळे पुसले. "माझी जागा कुठली, सर?"

योम उठला. वाकून त्यानं सपाता काढल्या, हातात घेतल्या आणि मोज्यांवरच बाजूला झाला.

"ही. बस."

"छे, सर! आधी तुम्ही."

सिनियर उभा असताना तो बसणार नव्हता, आणि खुर्ची एकच होती. योमनं पुन्हा "बस" म्हटलं, मुलानं पुन्हा मान हलवली, आणि दोघेही तिच्या दोन बाजूंना तसेच उभे राहिले.