हिरडीच्या रंगाची मूठ

जी वस्तू माणसाला नीट बसत नाही ती कधीच त्याची होत नाही, यावर त्याचा गाढ विश्वास होता. मुळात हा विश्वास कवळ्यांबद्दलचा होता, कारण तो कवळ्या बनवायचा. पण भर दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मुलीच्या टेनिस रॅकेटची मूठ तासताना त्याने तो सगळ्या मानवजातीला लागू करून टाकला होता.

मूठ हातात फिरते, असं मुलगी म्हणाली होती. त्याला नाही, आईला. मुलीच्या बातम्या त्याला बायकोकडूनच मिळत, त्याही जेवण वाढता वाढता. आज संध्याकाळी निवडीचा सामना होता, आणि हरली तर ती खेळ सोडणार होती. हे सांगून झाल्यावर बायको म्हणाली, तुम्हाला सांगून काय उपयोग म्हणा, आणि कामावर निघून गेली. लोकांच्या तोंडात दात बसवण्याच्या नादात मुलीचा एकही सामना बघायचं त्याला जमलं नव्हतं. आज ते सगळं तो एका दुपारी भरून काढणार होता.

वरची पट्टी सोडवून त्याने कवळ्या घासायच्या छोट्या मशीनने आतला फोम घासला. एका बाजूने जास्त गेला, म्हणून दुसऱ्या बाजूने घासला. मग तिथून जास्त गेला. असं समसमान करता करता मुठीच्या जागी काळी बारकी दांडी उरली आणि ओट्यावर पिठासारखा भुगा. घरात दुसरी रॅकेट नव्हती. भुगा परत चिकटवता येईल का, याचाही त्याने विचार केला. वेळच तशी आली होती.

शेवटी त्याला आपला धंदा आठवला. लाटण्याला मऊ मेण गुंडाळून तो बाहेरच्या खोलीत गेला. मुलगी सोफ्यावर पडून मोबाइल बघत होती. नवीन मेण आलंय, जरा घट्ट धरून दाखव, असं तो म्हणाला. तिने मोबाइलवरची नजर न काढता मोकळा उजवा हात पुढे केला, मेण आवळलं आणि लाटणं परत दिलं. त्या घरात कोणी कोणाला कारणं विचारत नसे. आज ते पथ्यावर पडलं.

एकेक बोट, अंगठ्याखालचा उंचवटा, तळव्याची रेघन् रेघ मेणात उतरली होती. त्याने साचा केला, मधोमध दांडी बसवली, कवळीचं रसायन भरलं आणि ते सगळं कोमट पाण्याच्या बादलीत धरून बसला. घरभर दवाखान्याचा वास सुटला. देवाकडे त्याने कधी काही मागितलं नव्हतं. ते त्या बादलीपुढे मागून घेतलं.

साच्यातून मूठ निघाली ती हिरडीसारखी गुलाबी. घासूनपुसून त्याने तिला अशी चकाकी आणली, की गिऱ्हाईक असतं तर हसून दाखवलं असतं.

निघायच्या वेळी त्याने रॅकेट पुढे धरली. मुलीने गुलाबी मुठीवरून एक बोट फिरवलं. मग तिने सावकाश मूठ धरली. प्रत्येक बोट आपापल्या खोबणीत अलगद जाऊन बसलं.

"बसतंय ना?"

तिचे डोळे भरून आले. आजवर कवळी बसल्यावर कोणी रडलं नव्हतं.

"एकदम बसतंय, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही येताय का बघायला?"

तो चपला शोधायला धावला.

मैदानावर त्याने पुढचा बाक धरला आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांना, त्यांनी विचारलेलं नसताना, मूठ घरच्या घरी कशी करतात ते समजावून दिलं. तेवढ्यात मुलीने गुलाबी मुठीची रॅकेट टॉवेलवर जपून ठेवली आणि मैत्रिणीची मागून घेतली. सरावाला कशाला झिजवायची, बरोबरच आहे, असं तो गृहस्थांना म्हणाला. पण सराव संपला, पंचांनी नावं पुकारली, तरी रॅकेट टॉवेलवरच होती. मुलीने चेंडू उंच उडवला आणि पहिली सर्व्हिस केली.

मुलगी लिहायची, जेवायची उजव्या हाताने. टेनिस ती डाव्या हाताने खेळायची, पहिल्यापासून.