पळसाच्या पानांचा हेमराज

या अक्का, या नाना, असे पुढे सरकून जवळ बसा. बुवा यायला अजून वेळ आहे, तोवर एक आख्यान सांगतो. पुराणातलं नाही, आपल्या फैजपूरचंच आहे.

तटरक्षक दलातला हेमराज वादळात बुडत्या मच्छीमारांना जहाजावर ओढून घेताना स्वतःच लाटेबरोबर गेला. शोध थांबला, देह मिळाला नाही. म्हणून दहनासाठी अंगणात पळसाच्या पानांचा पुतळा रचला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पण त्याची आई इंदिराबाई तिरडी उचलू देईना. "गुरुजी, हे जाळलं अन् उद्या पोरगं आलं तं? त्याले घरात घेता येईन का?" गुरुजी म्हणाले, "येईल, अक्का. शास्त्रात अशा माणसाचा नवा जन्म मानतात. त्याला तूप लावून न्हाऊ घालायचं, पुन्हा बारसं करायचं." तिने डोळे पुसले. "मंग न्या. पाळणा माळ्यावर आहे. जगदीश, तू काढून देजो रे बापू." जगदीश त्याच जहाजावरचा सोबती. हेमराजचा हात त्याच्याच मुठीतून सुटला होता. बुडता चेहरा त्याने पाहिला होता. "देतो, काकू," म्हणत त्याने खांदा दिला.

वाट पाहतच इंदिराबाई गेली, तेव्हा कुठे जगदीशने हात सुटल्याचं मला सांगितलं. हेमराजसाठी तुम्ही हात जोडालच. पण जगदीश अजून त्याच जहाजावर आहे, श्रोतेहो. देवाचं नाव घेताना त्याचीही आठवण ठेवा.