उस्तादांचं शेवटचं काम

हरिचंद्रने मशीनचं मागचं दार उघडलं आणि पाहताक्षणी त्याला कळलं, हे काम पुरं झालेलं आहे.

आतल्या वायरी नारिंगी दोऱ्याने बांधलेल्या होत्या. जीन्स शिवतात तो दोरा. कॅम्प तीन भागातल्या जीन्सच्या कारखान्यांतून सुदाम उस्ताद त्याची उरलीसुरली रिळं मागून आणायचे आणि वायरींना दर दोन बोटांवर एक गाठ मारायचे. बोर्डावरचा गंज खरवडून काढलेला, सोल्डरचा ठिपका न् ठिपका चकचकीत, पिक्चर ट्यूब दुसरी बसवलेली. तीस वर्षांपूर्वी पोरं ज्यात रुपयाचं नाणं टाकून गेम खेळायची, ते हे मशीन. फक्त फ्यूजची जागा तेवढी रिकामी होती.

ती रिकामी जागा हरिचंद्रने बोटाने चाचपली. मशीनमध्ये हात असला की उस्ताद फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. घरातल्या कोणी चुकून बटण दाबलं तर? अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेल्या हरिचंद्रशिवाय ही सवय कोणाला ठाऊक असणार? म्हणजे उस्ताद गेले ते फ्यूज खिशात ठेवूनच.

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या पत्र्याच्या घरात मशीनने अर्धी खोली खाल्ली होती. उरलेल्या अर्ध्या खोलीत उस्तादांची बायको बनूबाई आणि गिऱ्हाईक म्हणून आलेला जितेश उभे होते. जुनी मशीनं घ्यायची, दुरुस्त करायची आणि हौशी हॉटेलवाल्यांना दामदुपटीने विकायची, हा जितेशचा धंदा. त्याची एक रीत होती. माल बघायला जाताना मेकॅनिक सोबत न्यायचा, आणि माल चांगला दिसला की मेकॅनिकने तोंड वाकडं करायचं. भाव मग आपोआप उतरतो. आजचं जमलं तर हरिचंद्रला जितेशच्या पालेगावच्या गोडाऊनमध्ये दुरुस्तीचं कायमचं टेबल मिळणार होतं. स्वतःचं दुकान बंद पडल्यापासून बिचारा भाड्याची रिक्षा मारत होता.

"बोल हरीभाऊ, काय हालत आहे?" जितेशने विचारलं.

"बोर्ड गेलाय."

"पूरा?"

"पूरा. ट्यूब पण खलास. लाकूड तेवढं कामाचं."

जितेशने असा चेहरा पाडला, जणू त्याच्याच घरातलं कोणी गेलं. "काकी, आता काय बोलू? हा तर भंगार निघाला. वजनावर घेतो. तुमची जागा तरी खाली होईल."

"न्या," बनूबाई म्हणाली. भाव तिने विचारलासुद्धा नाही. "हरी सोबत आहे म्हणून देते. दुसरा कोणी असता तर दार उघडलं नसतं मी." मग ती हरिचंद्रजवळ आली. "एक विचारू का रे? पण खोटं नको सांगूस."

"विचारा ना, काकी."

"यांनी केलं होतं का ते नीट?"

जितेश मोबाइलमध्ये बघत होता. कान मात्र इकडेच होते.

"घराला स्लॅब टाकायचे पैसे यांनी ह्या डब्यात घातले," बनूबाई म्हणाली. "दोन वर्षं नुसतं आज होईल, उद्या होईल. त्या दिवशी सकाळी म्हणाले, बनू, झालं बघ. चहा दे, मग चालू करून दाखवतो. माझं डोकं फिरलेलं. मी म्हटलं, तुमच्या हातात आता काही राहिलं नाही, चहा प्या आणि गप पडा. ते प्यायलेच नाहीत रे. कप हातात तसाच…"

तिने पदराने तोंड पुसलं.

"यांचं पुण्यानुमोदन झालं, विधीला आलेली माणसं गेली, आणि मी बटण दाबून बघितलं. नाही चालू झालं. म्हटलं, मी बोलले ते काही चूक नव्हतं. पण आडवी पडले की वाटतं, यांनी खरंच केलं असेल तर? चार महिने हेच चाललंय. तू त्यांचा हात ओळखतोस. तू सांग."

हरिचंद्रच्या पिशवीत फ्यूजची अख्खी डबी होती. एक फ्यूज बसवायचा आणि बटण दाबायचं, एवढंच काम. त्याला शरम वाटली, अगदी मनापासून वाटली. पण शरमेच्या शेजारीच पालेगावचं टेबलही दिसत होतं, वर पंखा असलेलं. शिवाय त्याला वाटलं, खरं सांगून ह्या बाईच्या जिवाला जन्माचा घोर कशाला लावा? खोटं बोलायचं ठरलं की माणसाला अशी दया कुठूनही सुचते.

"नाही, काकी," तो म्हणाला. "जे धड होतं ते पण बिघडवून ठेवलंय. शेवटी शेवटी उस्तादांना काही जमत नव्हतं."

बनूबाईने डोळे मिटले. मग हळूच हसली.

"बरं झालं बाबा, सांगितलंस. आता झोप लागेल मला."

जितेश टेम्पोवाल्यांना हाक मारायला बाहेर गेला. हरिचंद्र मशीनचं दार लावायला वाकला. एकेक स्क्रू त्याने घट्ट पिळला.

बनूबाई भिंतीकडे वळली. हार घातलेल्या फोटोत उस्ताद शर्टाची वरची गुंडी लावून ताठ बसले होते.

"ऐकलंत?" ती फोटोला म्हणाली. "मी नाही हो, तुमचा हरी सांगतोय."