हुकूम कुणाचा

मांडवाच्या तोंडाशीच हरिओमच्या डोक्यावर फेटा चढला. लग्न थांबवायला आलेल्या ग्रामसेवकाचं माइकवरून स्वागतही झालं. "भाऊसाहेब आलेले आहेत, त्यांनी पुढं येऊन बसावं." एकदा फेटा बांधून घेतला की माणसाची जीभ जड होते. हरिओम पुढं जाऊन बसला.

नवरी ऋतुजा, सोळा वर्षांची. गावातला बालविवाह रोखायचा तो ग्रामसेवकानंच, असं राजपत्रात छापलेलं. कुणीतरी मुलांच्या हेल्पलाइनला फोन करून कळवलं होतं; तिथून निरोप आला तेव्हा तो रेणापुरात चहा पीत होता. गाडीवर येताना त्यानं जोरदार भाषण जुळवलं होतं, त्यातलं आता एकही वाक्य आठवेना. बसवतही नव्हतं.

तो उठून सरपंच सिंधुबाईंपाशी गेला. त्यांनी आवाज खाली आणला. "भाऊसाहेब, मला मतांनी बसिवलंय. ह्याच भावकीच्या मतांनी. कोण्या तोंडानं आडवू?"

पोलीस पाटील शेषेराव पंगतीत वाढत होते. त्यांची नेमणूक प्रांतसाहेबांच्या हुकमानं. मुदत संपत आलेली, नूतनीकरण कचेरीत अडकलेलं, अशात गावातून तक्रार गेली म्हणजे मिटलंच. त्यांनी हरिओमच्या हातात बुंदीची ताटली ठेवली आणि आधी जेवून घ्या म्हणाले. ज्याला जिथून अधिकार, त्याला तिथलीच भीती. हरिओमच्या अधिकाराला मतं लागत नव्हती, मुदतही नव्हती. तरी तो बुंदीची ताटली धरून उभाच होता, आणि त्यावर राजपत्रात काही उपाय दिलेला नव्हता.

अंतरपाट धरला गेला. हरिओमनं ताटली खाली ठेवली, फेटा काढला आणि बोहल्यापाशी गेला.

"महाराज, थांबा. नवरीला अठरा पूर्ण न्हाईत. हे लग्न लागणार न्हाई."

मंगलाष्टक मध्येच तुटलं. नवरीचा बाप अर्जुनराव पुढं आला. त्यानं आवाज चढवला नाही, त्याचीच हरिओमला जास्त धास्ती वाटली.

"भाऊसाहेब, घरपट्टी मागा, नळपट्टी मागा. माझ्या लेकीच्या लग्नात बोलायचा हुकूम तुमाला कुनी दिला?"

हरिओमनं कायद्याचं नाव घेतलं, शासनाचं घेतलं. अर्जुनराव हसला.

"सरकार मुंबईत ऱ्हातं. हितं कोन हाय?"

सिंधुबाईंनी पदर सारखा केला, शेषेराव जमिनीकडे बघत राहिले. नवऱ्याकडची चार माणसं बाह्या सरसावत उठली. आता आपल्याला धरून बाहेर काढणार, हे हरिओमला दिसत होतं, आणि मग मुलगी गेलीच.

अंतरपाटामागून एक हिरव्या चुड्याचा हात आला. त्यानं महाराजांपुढचा माइक ओढून घेतला. आवाज मांडवाबाहेरच्या चुलीपर्यंत गेला.

"आप्पा, हुकूम म्या दिला. फोन म्याच केलता."