दुसरी हाक

पर्यटकांची चिमुरडी पाठीवर घेऊन निघालेली मैना सरळ कठड्यावर आदळली. जानू ढेबेने आधी पोरीला खाली उतरवलं, मग आपल्या घोडीच्या उजव्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

"दुसराही जाणार," डॉक्टर म्हणाले. "आता खोगीर चढवू नका."

"अवघ्या पाच वर्षांची आहे हो!"

वरातीसाठी एकजण तिला मागत होता. "द्यायची का?" बायकोने विचारलं.

"फटाक्यांत आंधळं जनावर? राहू दे दारात."

पावसाळा सरेपर्यंत दुसरा डोळाही पांढरा झाला. सकाळी बाकीचे घोडे माथेरानच्या बाजाराकडे निघाले, की मैना खुरांनी जमीन उकरायची, दावं ताणायची. जानू नजर फिरवायचा. एके दिवशी तिने दावं तोडलंच.

तो धावत वळणावर आला. दरीला वळसा घालून गेलेल्या वाटेवर, पलीकडच्या बाजूला ती चाललेली दिसली. त्याच्या तोंडून हाक गेली, "मैनाऽ!"

तिने कान टवकारले आणि वाट सोडून सरळ आवाजाच्या दिशेने वळली. दोघांच्या मधे दरी होती.

त्याने तोंडावर हात दाबला आणि वळसा घालून अनवाणी पळत सुटला. पुढचा पाय कड्यावर टेकवून मैना दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी होती. त्याने शेजारी जाऊन अलगद आयाळ धरली, तिला मागे घेतलं. सुटलेले खडे बराच वेळ खाली घरंगळत राहिले.

घरी पोचेपर्यंत ती त्याचा खांदा हुंगत होती. त्याच्या तोंडून तिचं नाव निघेना.