आजोबांचा ब्रेक

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा की तुम्ही गॅरेजात उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. पुढे आजोबा ब्रेक दाबून कुरकुरताहेत, "बघ मिस्त्री, पुन्हा पेडल खाली चाललं. आज जमलं नाही तर गाडी सरळ भंगारात." त्याच गाडीतून रोज शाळेला जाणारी नात आजोबांच्या मागे बसून कान टवकारून ऐकत होती.

मिस्त्रीने पाहिलं, तर ब्रेक ऑइल पुरेपूर होतं आणि चारही चाकं कोरडी होती, म्हणजे गळती नव्हती. "मग दाब आतल्या आतच निसटतोय," म्हणत त्याने ब्रेकला दाब देणारा मास्टर सिलिंडर बदलला आणि दारातून वाकून हाताने पेडल दाबलं. ते दगडासारखं घट्ट लागलं. आजोबांनी सीटवर बसून पायाने दाबलं, तर पुन्हा हळूहळू लांब गेलं.

"काका, तुमचा पायच जड आहे."

"आणि तुझं डोकं हलकं."

"आजोबा," मागून नात म्हणाली, "पेडल कुठेच जात नाहीये. तुम्हीच मागे येताय. माझे गुडघे चेपले."

मिस्त्रीने सीट हलवून पाहिली. सीट ज्यावर पुढेमागे सरकते त्या खालच्या पट्टीत काहीतरी अडकल्याने सीटचा खटकाच बसत नव्हता. "काढ गं ते," आजोबा म्हणाले, "ज्याचं असेल त्याचा कानच पिळतो."



नातीने सीटखाली हात घातला, गेल्या आठवड्यात हरवलेला आपला शार्पनर मुठीत लपवला आणि म्हणाली, "काही नाही, कचरा होता."